पंख झाकण्याआधी

"हा पंख मी झाकणार नाही," डॉरिस पेंगेली म्हणाली आणि तिने सुई खाली ठेवली.

शिवणखात्यातल्या बाकीच्या पाचही बायकांचे हात थांबले. समोर लाकडी घोड्यांवर विमानाचा डावा पंख आडवा ठेवला होता. अजून तो नुसता सांगाडाच होता. त्यावर लिननचं कापड ताणून शिवायचं, वरून रोगणाचे हात द्यायचे, की पंख तयार. एकदा झाकला की आतलं लाकूड पुन्हा कोणाच्या नजरेला पडणार नव्हतं.

सुतारखात्याचा मुकादम सिड बॅलार्ड हात पुसत आला. "काय झालं बाई?"

"तुझ्या या सांध्यावर बोटातल्या अंगुस्तानाने ठोकून पाहिलं. आवाज बद्द येतोय, लाकडं जोडणारा सरस आत धरला नसेल. बाकी सगळीकडे खणखणीत आहे."

"तपासनिसाचा शिक्का आहे त्यावर! तेवीस वर्षं लाकूड जोडतोय मी. आता शिंपिणीकडून शिकू का? तुम्ही आपले टाके घाला."

बायका हसल्या. डॉरिस हसली नाही. सुईला तिने हातही लावला नाही.

हे चार इंजिनांचं प्रवासी विमान होतं. इंग्लंडमधल्या त्या लहानशा कारखान्याने एवढं मोठं विमान याआधी कधी बांधलं नव्हतं. ते ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. तिथला समुद्र ओलांडताना एक इंजिन बंद पडलं, तरी उरलेल्या तिन्हींनी दहा उतारूंना किनाऱ्याला लावायचं, अशी ती सगळी आखणी होती. करारही कडक होता. एकतीस जानेवारीपर्यंत विमान उडालं नाही, तर मागणी रद्द. त्या दिवशी अठरा तारीख होती.

मुख्य अभियंता ऑर्टन आला. वाकून, पंखाच्या वाशाला कान लावून त्याने स्वतः ठोकून पाहिलं. त्याला काही कळलं नाही.

"मिसेस पेंगेली, तुमची खात्री आहे?"

"नाही साहेब. खात्री असती तर आरडाओरडा केला असता. शंका आहे, म्हणून नुसती थांबलेय."

"सांधा उघडायचा म्हणजे मुख्य वासा कापावा लागेल. नवा बसवायला आठ दिवस जातील."

"ठाऊक आहे साहेब. पण मी कापड शिवलं की मग आत कोण बघणार?"

ऑर्टनने सांध्यावर पुन्हा एकदा ठोकलं. मग सिडला म्हणाला, "काप."

सिडने करवत स्वतःच चालवली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. वासा कापला, सांधा फोडला. सगळे पुढे वाकले. सरस कडेपासून कडेपर्यंत एकसारखा धरला होता. छिन्नी मारली तर लाकूड चिरलं, पण सांधा सुटला नाही. आवाज बद्द का येत होता, ते कोणालाच सांगता आलं नाही.

सिडने ते दोन तुकडे डॉरिसच्या मेजावर आणून ठेवले. "घ्या बाई. जपून ठेवा."

"सिड, माझं चुकलं," ती म्हणाली. तो करवत उचलून निघून गेला. ऑर्टन तिच्याकडे न बघता नव्या वाशाची मापं घेत होता, आणि तिला तेच जास्त लागलं. विमान गेल्यावर आपल्याला घरी बसवणार, हे तिने मनाशी धरूनच ठेवलं.

पुढचे दहा दिवस कारखान्यात कोणी रविवार पाळला नाही. सुतार वाशाला भिडले. वासा बसला तशा बायका पंखाला भिडल्या. डॉरिसची बोटं सोलवटली, पण ती सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची.

एकतीस तारखेला सकाळी अख्खा कारखाना मैदानावर जमला. डॉरिस गेली नाही. रिकाम्या शिवणखात्यात ती एकटीच दोऱ्याची रिळं आवरत बसली. बाहेर चार इंजिनं एकापाठोपाठ एक सुरू झाली. आवाज वाढला, छतावरून गेला, दूर गेला. तिने रीळ हातात घट्ट धरलं. पंचवीस मिनिटांनी आवाज परत आला, जमिनीला टेकला. मैदानावर टोप्या उडाल्या असाव्यात, असा गलका झाला.

थोड्या वेळाने दार उघडलं. निळ्या कोटातली एक अनोळखी बाई आत आली.

"मिसेस पेंगेली तुम्हीच ना? मी मुरियल लॅम्बर्न. आता विमान उडवलं ना, त्या कॅप्टन लॅम्बर्नची बायको."

डॉरिस गडबडून उठली. "उड्डाण लांबलं, तुम्हालाही त्रास झाला बाई माझ्यामुळे. सांधा चांगला होता हो. उगाच माझी शंका."

"तेच तर सांगायला आले." मुरियलने तिचे सोलवटलेले दोन्ही हात हातात घेतले. "काल जेवताना हे म्हणाले, मुरियल, त्या कारखान्यात एक शिवणारी बाई नुसती 'थांबा' म्हणाली, तर तिच्यासाठी पंख कापून बघतात. अशा विमानाला मी कशाला भिऊ?" तिने डॉरिसचे हात अजून सोडले नव्हते. "बाई, अकरा वर्षं हे नवी विमानं उडवतायत. पहिल्या उड्डाणाच्या आदल्या रात्री यांना शांत झोप लागलेली मी काल पहिल्यांदा पाहिली."