न्यायाधीशबाईंचा हेल

अमरावती-अकोल्याच्या नाटकांत राणी होणाऱ्या जमुनाला मुंबईतल्या एका दिग्दर्शकाने मालिकांत फक्त मोलकरणीची कामं दिली. “तुझा हेल वऱ्हाडी आहे ना,” तो म्हणायचा. कंटाळून ती कॅनडाला गेली. तिथल्या इंग्रजी मालिकेत न्यायाधीश झाली आणि गाजली. आता ती मालिका मराठीत येणार होती, आणि डबिंगचं काम नेमकं त्याच दिग्दर्शकाकडे आलं होतं.

“आवाज तुमचाच हवा, मॅडम,” तो फोनवर म्हणाला. “फक्त तो हेल तेवढा काढा. न्यायाधीश वऱ्हाडी कशी बोलेल?”

जमुना खळखळून हसली.

“सर, तुमी माही मालिका पाह्यलीच नाही वाटते. इंग्रजीबी मी याच हेलात बोलली. तो आयकूनच तर कॅनडावाल्यायनं मले न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं!”