सातवी पास गायत्री

उधन्याच्या प्रौढशिक्षण वर्गात सरकारी साहेबांनी रेशनकार्डांची आणि मिलची यादी शेजारी शेजारी ठेवली. “जयश्रीबेन, तुमच्याच घरी सातवी पास गायत्री आहे, मिलमध्ये जाते. पत्ते जुळवले म्हणून सापडली. तिला हा वर्ग शिकवायची नोकरी देऊ. बोलवा.” जयश्रीने मांडीवरची पाटी खाली ठेवली. नणंद गायत्री प्लेगच्या साली वारली आणि तिच्या शाळेच्या दाखल्यावर, तिच्याच नावाने, जयश्री मिलला लागली. कळलं तर काम जाईल, वर पोलीस येतील. “ती गावले गई, साहेब.” “मग निरोप मिळाल्याची सही करा.” तिने अंगठा पुढे केला. साहेब हसले. “आता अंगठा नाही, शिकलात ना!” पेन हातात आलं. कालच पाटीवर गिरवलेलं स्वतःचं नाव भीतीने आठवेना. मिलच्या हजेरीवरची रोजची सही मात्र हाताला पाठ होती. तीच झाली. साहेब वाचायला वाकले.