तीनशेवा पक्षी

"निमाईदा, नाव जरा पलीकडे घ्या ना. ऊन डोळ्यांवर येतंय," मंगला हिंदीत म्हणाली आणि तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला.

नावेच्या टोकाला बसलेल्या अविनाशनं दुर्बीण खाली केली. "अगं, आपण पक्षी बघायला आलोय. ऊन लागणारच."

"लागू दे की. पण वल्हवायचंच आहे, तर सावलीतून वल्हवू दे त्यांना."

नावाड्यानं नाव लव्हाळ्याकडे वळवली. अविनाशनं सुस्कारा सोडला. घाटावर इतक्या नावा उभ्या असताना बाईसाहेबांनी हीच धरली होती, कारण हिच्यात बसायला उशी होती.

एरवी त्यानं हसून सोडून दिलं असतं. पण आज त्याचा जीव टांगणीला लागला होता. बारा वर्षांपूर्वी केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन तो कोलकात्याला आला आणि सॉल्ट लेकच्या घरात बसल्या बसल्या पक्ष्यांच्या नादी लागला. स्वतः पाहिलेला प्रत्येक नवा पक्षी तो यादीत लिहायचा. पुढच्या रविवारी मराठी मंडळात त्याचं भाषण होतं, 'माझे तीनशे पक्षी'. पत्रिका छापून घरोघर गेल्या होत्या. यादीत मात्र दोनशे नव्व्याण्णवच होते. हिवाळ्यात एखादा सहज मिळेल असं त्यानं धरलं होतं, आणि हिवाळा संपत आला होता.

म्हणून आज, या रविवारी, हावड्याहून पहिली लोकल पकडून दोघं पूर्वस्थलीला आले होते. नवद्वीपच्या अलीकडे-पलीकडे मंदिरांना येणाऱ्यांची रीघ असते. इथे गंगेनं सोडून दिलेल्या जुन्या पात्रात लांबलांबून पाहुणे पक्षी उतरतात. समोर लालसरी बदकांचा थवा डुलत होता. उंच वाळक्या झाडावर कैकर मासा फाडत बसला होता. सगळे ओळखीचे, सगळे यादीतले.

"खोटं बोलायचं नाही," तो स्वतःशीच पुटपुटला. "दोनशे नव्व्याण्णव तर दोनशे नव्व्याण्णव. उभं राहून कबूल करायचं."

मंगलाला ते ऐकू गेलं. तिनं शेंगांची पुडी त्याच्यापुढे धरली. "तुम्ही खोटं बोलणार नाही, माहीत आहे मला. शेंगा खा."

मग तिला लव्हाळ्याजवळ गार वाटू लागलं. नाव थोडी पुढे गेली. मग तिला पाय मोकळे करायचे होते, म्हणून निमाईनं वल्हं रोवून नाव थांबवली. अविनाश चिडून काही बोलणार, तोच जलपर्णीच्या कडेला काहीतरी हललं.

बुलबुलाएवढा जीव. तपकिरी पाठीवर पांढरे ठिपके, राखाडी छाती, लाल डोळा. शेपटी उडवत तो पानांवरून चार पावलं चालला.

"छोटी फटाकडी," अविनाशचा आवाज चिरकला. "मंगल, हलू नकोस. हिला बघायला लोक वर्षं घालवतात."

"कुठाय? मला नुसतं गवत दिसतंय."

त्यानं तिची हनुवटी धरून मान वळवली. "ती बघ, त्या पानाच्या मागे. नजर तयार व्हावी लागते, उगीच नाही दिसत."

"अगंबाई, दिसली," मंगला म्हणाली. "तुम्हीच शोधावी."

पक्षी लव्हाळ्यात शिरेपर्यंत अविनाशनं फोटो काढले. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. कारकुनापासून चढत आलेल्या माणसाला बढतीचं पत्र मिळालं तेव्हाही छाती एवढी फुगली नव्हती. परतताना त्यानं निमाईला ती फटाकडी कशी हेरली ते दोनदा समजावलं. निमाई मान डोलावत राहिला.

घाटावर, आलेल्यांनी पाहिलेले पक्षी लिहायची वही होती. दरवेळी ती मंगलाच भरायची, तो नुसता पुढे चालू लागायचा. आज मंगला चहा सांगायला टपरीवर गेली, आणि हा मान त्यानं स्वतःच घ्यायचं ठरवलं.

तारीख, नाव, पक्षी, शेरा. त्यानं झोकात सही केली. मग वाटलं, या मोसमात फटाकडी बघणारे आपण पहिलेच असणार, खात्री करून घ्यावी. त्यानं एक पान मागे उलटलं.

बंगाली अक्षरांच्या गर्दीत देवनागरी ओळ चटकन डोळ्यांत भरली. तारीख गेल्या मंगळवारची होती. मंगळवारी मंगलाचा बालीगंजला शिवणाचा क्लास असतो. अक्षर तिचं होतं, नाव तिचं होतं. त्यापुढे लिहिलं होतं:

"छोटी फटाकडी, एक. शेरा: मला नवीन नाही, माझी यादी चारशे बारावरच. जागा बघून ठेवली. रविवारी ह्यांना घेऊन यायचं, त्यांचा तीनशेवा."