साध्या पाण्याची रांग

अहल्येने शेवटचा आंबा उलटून पाहिला. डाग नव्हता. ती तशीच फरशीवर बसली.

दुसरं कुणी असतं तर आनंदलं असतं. पण हा आंबा साध्या पाण्याच्या रांगेतला होता. तो सडायला हवा होता.

हा तिसरा उन्हाळा. मे महिन्यात कॉलेजची प्रयोगशाळा बंद, म्हणून कारेलीबागेतल्या फ्लॅटची मागची खोली तिने आंब्यांना दिली होती. सगळ्या फळांना ती आधी स्वतःच बुरशी लावायची. मग रोज सकाळी डावीकडची रांग गवती चहाच्या काढ्यात बुडवायची, उजवीकडची नुसत्या पाण्यात, आणि पेपर तपासायला निघायची. डावीकडची टिकावीत, उजवीकडची काळी पडावीत, एवढंच तिचं मागणं. पण दर वर्षी दोन्हीकडची टिकत. घरभर काढ्याचा वास, आणि पातेल्यातला काढा बडोद्याच्या उन्हात भराभर आटत असे.

तिचे वडील धनाजीराव दारात येऊन उभे राहिले. लष्करातल्या भटारखान्यात त्यांचा जन्म गेला. पंगतीच्या पंगती जेवू घातल्या. आई गेल्यापासून घरात दोघंच. वाढायला कुणी उरलं नव्हतं.

"एवढी छान राहिलीयत की गं. तोंड का पाडलंस?"

"छान राहिलीयत म्हणूनच, आबा."

त्यांना काही उमगलं नाही. ते चहा ठेवायला गेले.

तेवढ्यात फोन वाजला. हेरंबचा होता. तिचा जुना विद्यार्थी, आता वलसाडकडच्या बागायतदारांचं काम बघायचा.

"मॅडम, आज बैठक आहे. बाहेरचा बाजार खुला झालाय, पण आंबा वाटेतच सडतो. औषधवाले येऊन बसलेत. त्यांच्या औषधात फळं बुडवून बुडवून आमच्या बायकांच्या हातांची सालटी निघतात. तुमच्या काढ्याचं काही सांगू का?"

'हो' तिच्या अगदी ओठांवर आलं. आंबे टिकले होते, यात खोटं काय होतं? तिने डोळे मिटले.

"नको. काढ्यातले आणि पाण्यातले सारखेच टिकले. या उन्हात बुरशीच मरत असेल. काढ्याचा गुण आहे असं मला म्हणता येणार नाही."

"थोडासुद्धा फरक नाही?"

"नाही रे."

"चालेल, मॅडम. मग औषधाचंच ठरवतो."

तिने रिसीव्हर ठेवला. आबांनी चहाचा कप तिच्या हातात दिला.

"संपलं, आबा. पुढच्या उन्हाळ्यात खोली तुमची. माझा काढा काही कामाचा नाही."

"अशी हिरमुसू नकोस," आबा शेजारी बसत म्हणाले. "फळांचं तर भलं झालं ना? तू अर्ध्यांनाच काढा द्यायचीस आणि उरलेली बिचारी नुसत्या पाण्यावर. मला बघवेना. तुझी पाठ वळली की त्यांनाही मी रोज काढ्यातून काढायचो. आपल्या हातून पंक्तिप्रपंच व्हायचा नाही, पोरी."