वरचा माणूस

पंखा सुरू झाला, त्याच्या जाड नळीतून तळघरातली हवा झरोक्यावाटे बाहेर यायला लागली, तरी वहिनीनं धाकट्याला जिना उतरू दिला नाही.

"थांबा जरा. आतली हवा बदलू दे."

"हो," धाकटा म्हणाला आणि हातमोजे चढवत उभा राहिला.

तो तिचा दीर. दोघा भावांचं एसी दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकं त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. थोरला म्हणजे तिचा नवरा. तो याच तळघरात गुदमरून गेला. मग त्याची हत्यारांची पेटी तिनं उचलली, काम शिकून घेतलं, आणि आता गिऱ्हाइकंसुद्धा तिला वहिनीच म्हणत.

धंद्यात थोरल्याइतका जपून काम करणारा दुसरा नव्हता. कॉम्प्रेसरला हात लावण्याआधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. गॅस हवेत सोडायचा नाही, यंत्र लावून सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा. सिलिंडर काट्यावर ठेवूनच भरायचा, तोही गळ्यापर्यंत नाही. "या गॅसला वास नाही, रंग नाही आणि लाज तर मुळीच नाही," तो म्हणायचा. "न बोलावलेल्या पाहुण्यासारखा येतो आणि जमिनीवर बसकण मारतो. हवेला जागाच ठेवत नाही. वाकलेल्या माणसाला कळायच्या आत झोप लागते." म्हणून तळघरात काम असलं की एक जण खाली, एक जण वर. वरच्यानं हलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.

त्या दिवशी वरचा माणूस धाकटा होता. पंख्याची पिन खालच्या सॉकेटातून सैल होऊन निसटली, पंखा बंद पडला, आणि नळीतून हवा यायची थांबली हे बघायला वर कोणी नव्हतं. धाकट्यानं स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं. मान खाली घालून, एवढंच.

"मी चहाला गेलो होतो."

सासूबाईंनी पोटच्या पोराला उंबऱ्याबाहेर काढलं. तो दुकानाच्या माळ्यावर राहायला लागला. वहिनीनं त्याला दुकानातून घालवलं नाही, कारण काम शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं. पण 'भाऊजी' ही हाक तिच्या तोंडून पुन्हा आली नाही. बोलायची ती कामापुरतं, आणि बोलताना टोचायची. "चहा हवाय का?" चारचौघांत मुद्दाम विचारायची. त्यानं चहा केव्हाच सोडला होता. तो "नको" म्हणायचा आणि पाना उचलून कामात डोकं घालायचा.

थोरला जाण्याआधीचे महिने तिला अजून आठवत. कामावरून यायचा आणि दिवा न लावता पलंगाच्या कडेला बसून राहायचा. उन्हाळ्याचा हंगाम, माणूस पिळून निघतो, असं तिनं धरलं होतं. शेवटच्या सकाळी मात्र तो किती दिवसांनी हसला. मुलीची वेणी त्यानं स्वतः घातली, वाकडीतिकडी. ते हसू आठवलं की तिचा राग नव्यानं पेटायचा. घरात पुन्हा बरे दिवस येत होते, आणि या माणसाच्या घोटभर चहापायी ते गेले.

या इमारतीचं काम पुन्हा चालून आलं, तेव्हा धाकटा पहिल्यांदाच आडवा आला होता.

"वहिनी, हे काम नको घेऊ या."

"का? तिथं जायला तोंड नाही म्हणून?"

"तसंच समजा."

मग तर तिनं ते हट्टानंच घेतलं.

आता धाकटा खाली उतरला. वहिनी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. पंख्याची पिन या वेळी तिनं वरच्या सॉकेटात लावली होती. एक हात नळीच्या तोंडापुढे धरून ती मधूनमधून हाक देत होती.

"ठीक?"

"ठीक," खालून उत्तर यायचं.

इमारतीचा म्हातारा वॉचमन स्टूल ओढत जवळ आला. वहिनीला तो ओळखत नव्हता.

"तुम्ही नवीन दिसता, बाई. पण खालच्याला मी ओळखलं. मोठ्या काळजाचा माणूस. मी त्याच्या जागी असतो, तर या गल्लीत परत पाऊल टाकलं नसतं."

"कसलं काळीज?" वहिनीची जीभ सवयीनं सुटली. "भाऊ खाली मरत होता, तेव्हा हा चहा ढोसत होता."

म्हाताऱ्यानं स्टूल आणखी जवळ ओढलं.

"तुम्हालाही तेच सांगितलंय होय?" त्यानं आवाज उतरवला. "चहा मी आणला होता, बाई. दोघांसाठी. येऊन बघतो तर हा खाली दारावर धडका देतोय, हातांची सालटी निघालेली. मी पहार आणली, दोघांनी मिळून दार फोडलं. उशीर झाला होता. मग यानं माझे पाय धरले. म्हणाला, कोणी विचारलं तर मी चहाला गेलो होतो एवढंच सांगा. घरी भावाची बायको आहे, पोर आहे, आई आहे. मालकालाही ते बरंच पडलं, दोष बाहेरच्या माणसावर गेला. मग मीही तोंड मिटलं."

"दार फोडलं?" वहिनी म्हणाली. "ते कशाला? काम चालू असताना दार सताड उघडं ठेवतात."

म्हाताऱ्यानं एकदा जिन्याकडे पाहिलं.

"आतून कडी घातलेली होती, बाई."