आवाज येतोय?

युद्ध पेटलं, दोन्ही देशांनी आपापले राजदूत परत बोलावले, पण दोन सैन्यांमधली ही एक फोन लाइन तेवढी चालू ठेवली. रोज सकाळी ती तपासायचं काम माझं. मी विचारायचं, "आवाज येतोय?" पलीकडचा ऑपरेटर म्हणायचा, "येतोय." बास. त्यापुढे एक अक्षर बोलायची दोघांनाही बंदी.

आज तो "येतोय" म्हणाला आणि घाईघाईने पुटपुटला, "ताई, आज पोरांना शाळेत पाठवू नका." लगेच फोन ठेवला.

मी धावतच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ऐकून साहेब पांढरेफटक पडले.

"साहेब, शाळा रिकाम्या करायला सांगा ना!"

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? शाळा रिकाम्या झाल्या की त्यांना कळेल, आतलं कुणीतरी फुटलंय. असा माणूस आपल्याला परत मिळायचा नाही."

"अहो, पण माझी लेक शाळेत आहे!"

खिडकीकडे तोंड करून साहेबांनी घरी फोन लावला. "अगं, दोघांना आत्ताच्या आत्ता शाळेतून घेऊन ये. आजी आजारी आहे म्हणून सांग."

मग वळून त्यांनी माझ्यापुढे हात केला.

"तुमचा मोबाइल द्या इकडे."