हापशावरची पाटी

कानामागे वाचनटिकली डकवली की पोर एका दिवसात घडाघडा वाचू लागे. यंदा पोतनीसबाईंनाही ती सक्तीनं लावली होती. वर्गात टिकलीविना राहिली एकटी रेवा. तिला तिची आत्या वाळूत अक्षरं गिरवून शिकवत होती.

मधल्या सुट्टीत हापशामागची पत्र्याची पाटी पोरांनी एका सुरात वाचली, "पाणी शुद्ध आहे."

"बाई, तसं नाहीये," रेवा अडखळत म्हणाली. "पाणी... पिऊ... नये."

"डोळे फुटले का गं तुझे?" बाई पाटीपाशी गेल्या. त्यांनाही 'शुद्ध'च दिसलं. पण पत्र्यावरची अक्षरं ठोकून उठवलेली होती. त्यांनी डोळे मिटले आणि लहानपणी वाळूत गिरवत तसं बोट फिरवलं.

पि. ऊ. न.

बोट थिजलं. पाठीमागे हापसा करकरत होता, आणि पोरं ओंजळी धरून पीत होती.